विश्लेषण : जुन्या कार्यालयीन इमारतीच्या ऊर्जा-सुधारणेला ‘हरित कर्ज’ कशाच्या आधारावर मिळते?

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या मुंबई-पुण्यातील अनेक कार्यालयीन इमारतींची वातानुकूलन यंत्रणा आता थकली आहे. वीजबिल वाढते आहे आणि दुसरीकडे बँका व वित्तसंस्था ‘हरित कर्ज’ देऊ करत आहेत. मात्र नवा चिलर बसवला, दिवे बदलले की काम आपोआप ‘हरित’ ठरत नाही. पात्रता तपासताना नेमके काय पाहिले जाते, अर्ज कुठे अडतो आणि इमारतीच्या मालकाने आधी काय तपासायला हवे, याचा हा आढावा.

मुळात अडचण काय आहे?

कार्यालये, मॉल, हॉटेले, रुग्णालये यांच्या वीजबिलात सर्वांत मोठा वाटा वातानुकूलनाचा असतो. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात केंद्रीय वातानुकूलन असलेल्या कार्यालयात तो निम्म्याच्या आसपास जातो. त्यानंतर दिवे, संगणक, सर्व्हर, लिफ्ट आणि पाण्याचे पंप येतात. यंत्रणा जुनी झाली की तेवढ्याच गारव्यासाठी जास्त वीज लागते. दुरुस्ती फायद्याची आहे हे मालकालाही कळत असते. तरीही ती वर्षानुवर्षे लांबते, कारण खर्च एकरकमी आणि आज करायचा असतो, तर बचत पुढची दहा-पंधरा वर्षे थोडी थोडी मिळत राहते.

ही तफावत कर्जाने भरून काढता येते. पण बँकेपुढे वेगळा पेच असतो. घर, गाडी किंवा कारखान्यातील यंत्र तारण ठेवता येते; हप्ते थकले तर ते विकून पैसे वसूल करता येतात. इमारतीत बसवलेला चिलर, पंप, वायरिंग किंवा काचेवरची फिल्म काढून विकायची म्हटली तर हाती जवळपास भंगाराचाच भाव येतो. वाचलेली वीज तर जप्त करताच येत नाही. त्यामुळे अशा कर्जाचा खरा आधार यंत्र नसून, बचत होणार आणि ती मोजून दाखवता येणार याचा पुरावा असतो. पात्रतेची सगळी तपासणी या एका गोष्टीभोवती फिरते.

‘हरित’ कशाला म्हणायचे, हे कोण ठरवते?

भारतात यासाठी एकच एक कायदा नाही. मात्र रिझर्व्ह बँकेने ११ एप्रिल २०२३ रोजी हरित ठेवींची चौकट जाहीर केली आणि ती १ जून २०२३ पासून लागू झाली. ‘हरित ठेव’ म्हणून गोळा केलेला पैसा बँकांनी व ठेवी स्वीकारणाऱ्या बिगरबँक वित्तसंस्थांनी कोणत्या कामांना द्यावा, याची यादी तिच्यात आहे. ऊर्जा कार्यक्षमता आणि हरित इमारती या दोन्ही गोष्टी त्या यादीत आहेत. इमारतींतील ऊर्जा वाचवणाऱ्या यंत्रणा, एलईडीसारखे दिव्यांतील बदल आणि अस्तित्वातील इमारतींची ऊर्जा-सुधारणा यांचा तिच्यात स्पष्ट उल्लेख आहे.

काय चालणार नाही, हेही तिथे सांगितले आहे. जीवाश्म इंधनावरील वीजनिर्मितीची कामे, त्यातील सुधारणाही, वगळलेली आहेत. म्हणजे जुन्या डिझेल जनरेटरच्या जागी नवा, कमी डिझेल पिणारा जनरेटर बसवला, तर इंधन वाचेल. पण हरित ठेवींचा पैसा त्याला मिळणार नाही. या पैशांचा विनियोग कसा झाला, याची त्रयस्थ संस्थेकडून दरवर्षी तपासणी करून घेण्याचे बंधनही बँकेवर आहे. साहजिकच बँक तोच पुरावा कर्जदाराकडे मागते.

आंतरराष्ट्रीय पातळीवर २०१८ मध्ये आलेली ‘ग्रीन लोन प्रिन्सिपल्स’ ही ऐच्छिक तत्त्वे अनेक मोठ्या वित्तसंस्था वापरतात. त्यांत चार गोष्टी पाहिल्या जातात: पैसा कशावर खर्च होणार, प्रकल्पाची निवड कशी झाली, पैशाचा हिशेब वेगळा ठेवला जातो का आणि परिणामांचा अहवाल दिला जातो का. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने मे २०२५ मध्ये हवामान-वित्ताच्या वर्गीकरणाचा मसुदा जाहीर केला, तोही ‘हरित’ या शब्दाचा अर्थ निश्चित करण्याच्याच दिशेने. तूर्तास मात्र प्रत्येक वित्तसंस्था या व्यापक चौकटींत राहून आपापले निकष लावते. एका बँकेने नाकारलेले प्रकरण दुसरीकडे मंजूर होऊ शकते, ते यामुळेच.

पहिली चाळणी : इमारतीचा आजचा हिशेब

तपासणीची सुरुवात होते ती इमारत आज किती वीज खाते या प्रश्नापासून. ऊर्जा संवर्धन कायद्याच्या परिभाषेत १०० किलोवॉट वा अधिक जोडभार किंवा १२० केव्हीए वा अधिक करार मागणी असलेल्या व्यावसायिक इमारती मोठ्या ग्राहकांत मोडतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे ‘बीईई’, अशा इमारतींना २००९ पासून तारांकन देते. त्यासाठी वापरला जाणारा निकष सोपा आहे: वर्षभरात वापरलेली युनिट भागिले बांधीव क्षेत्र. याला ऊर्जा कामगिरी निर्देशांक म्हणतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मुंबईतील १० हजार चौरस मीटरची एक कार्यालयीन इमारत वर्षाला २० लाख युनिट वापरते. तिचा निर्देशांक झाला २००. तारांकन योजना सुरू झाली तेव्हाच्या पट्ट्यांनुसार, उष्ण-दमट हवामानातील वातानुकूलित कार्यालयाला २०० ते १७५ दरम्यान एक तारा, तर १०० च्या खाली पाच तारे मिळत. म्हणजे ही इमारत पहिल्या पायरीच्या उंबरठ्यावर आहे. सुधारणेनंतर वापर १५ लाख युनिटवर आला तर निर्देशांक १५० होईल. ‘इमारत कार्यक्षम झाली’ या वाक्याऐवजी ‘२०० वरून १५०’ असे आकड्यांत सांगता येणे, ही पात्रतेची पहिली अट.

हा मूळ आकडा, म्हणजे आधाररेषा, ठरवणे वाटते तितके सोपे नाही. किमान सलग बारा महिन्यांची बिले लागतात, कारण मे महिन्यातला वापर जानेवारीला लागू होत नाही. त्या वर्षी किती मजले भाड्याने गेले होते, कार्यालये दिवसाला किती तास चालू होती, हेही नोंदवावे लागते. करोनाकाळातील वर्ष आधार धरले तर रिकाम्या मजल्यांमुळे वापर कमी दिसेल आणि नंतरची खरी बचतही झाकली जाईल. उलट, रात्रपाळीत चालणारे एखादे कॉल सेंटर इमारत सोडून गेले तर एक रुपयाही खर्च न करता बिल घसरेल. ती बचत नव्हे, तो भाडेकरू गेल्याचा परिणाम. तपासणारा अभियंता दोन्ही बाजूंची दुरुस्ती करून घेतो. हे काम प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षकाने करावे, अशी वित्तसंस्थांची अपेक्षा असते. त्यांचे प्रमाणन बीईई करते. महाराष्ट्रात या कायद्याची अंमलबजावणी पाहणारी राज्याची नियुक्त संस्था म्हणजे ‘महाऊर्जा’.

दुसरी चाळणी : कोणते काम धरायचे, कोणते नाही?

चिलर, कूलिंग टॉवर व पंप बदलणे, मोटारींना गरजेनुसार वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह लावणे, एलईडी दिवे, माणसे नसताना दिवे व वातानुकूलन बंद करणारी नियंत्रणे, काचेवर उष्णता रोखणारी फिल्म, गच्चीचे उष्णतारोधन, छतावरील सौर पॅनेल ही कामे सर्वसाधारणपणे पात्र धरली जातात. लॉबीतील संगमरवर, नवा दर्शनी भाग, जादा लिफ्ट, फर्निचर ही कामे धरली जात नाहीत. बहुतेक मालक नूतनीकरण एकत्रच काढतात आणि अर्जही एकत्रच करतात. तिथे पहिली कात्री लागते. पाच कोटींच्या कामात दोन कोटी ऊर्जेचे असतील तर हरित कर्ज त्या दोन कोटींपुरतेच. म्हणूनच ठेकेदाराकडून अंदाजपत्रक घेतानाच दोन्ही भाग वेगळे मागणे शहाणपणाचे.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. चिलर पूर्ण निकामी झाला असेल तर तो बदलावाच लागणार आहे. मग त्याची सगळी किंमत ‘ऊर्जा-सुधारणे’च्या खात्यात मांडायची का? काही वित्तसंस्था पूर्ण खर्च धरतात. काही साधा चिलर आणि अधिक कार्यक्षम चिलर यांच्या किमतीतील फरकच धरतात. बचतही मग त्या दोहोंमधल्या फरकाइतकीच मोजावी लागते. खर्च फक्त फरकाचा आणि बचत मात्र जुन्या, मोडकळीला आलेल्या यंत्राच्या तुलनेतली, असा सोयीचा हिशेब तपासणीत टिकत नाही.

कामांचा क्रमही महत्त्वाचा ठरतो. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये २००९ पासून झालेली सुधारणा याचे गाजलेले उदाहरण. तिथे आधी ६ हजार ५१४ खिडक्यांच्या काचा काढून, त्याच इमारतीत उभारलेल्या कार्यशाळेत त्या नव्याने बांधून पुन्हा बसवल्या गेल्या. उष्णता आत येणे आणि बाहेर जाणे घटले, दिवे व नियंत्रणे सुधारली, त्यामुळे वातानुकूलनाचा भार कमी झाला आणि चिलरचा कारखाना मोठा करण्याऐवजी आहे तोच नव्याने सुधारून भागले. ऊर्जा-सुधारणेसाठीचा जादा खर्च सुमारे १ कोटी ३२ लाख डॉलर, वर्षाला अपेक्षित बचत सुमारे ४४ लाख डॉलर आणि ऊर्जावापरातील घट ३८ टक्के, असा तो हिशेब होता. म्हणजे साधारण तीन वर्षांत खर्च वसूल. आधी नवा मोठा चिलर घेऊन मग काचा बदलल्या असत्या, तर तो चिलर कायम अर्ध्या भारावर चालला असता आणि पैसा अडकून पडला असता.

मुंबईतही याचा अनुभव आहे. फोर्ट भागातील १९७२ सालच्या गोदरेज भवनाची २०१० मध्ये ऊर्जा-सुधारणा झाली. ‘एनआरडीसी’ ही अमेरिकी पर्यावरण संस्था आणि हैदराबादचे प्रशासकीय महाविद्यालय यांनी २०१३ मध्ये तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात खर्च वसूल होण्याचा काळ पावणेपाच वर्षांच्या आसपास निघाला. जुनी इमारत पाडल्याशिवायही हे साधते, एवढे त्यातून दिसले.

बचतीचे दावे फुगतात कसे?

दिव्यांचा विक्रेता म्हणतो ५० टक्के बचत, चिलरचा विक्रेता म्हणतो ३० टक्के, नियंत्रणांचा विक्रेता म्हणतो २० टक्के. मालक बेरीज करतो आणि बिल शून्यावर येणार असे त्याला वाटू लागते. यात दोन चुका असतात. पहिली, प्रत्येक टक्केवारी त्या त्या यंत्रणेची असते, संपूर्ण बिलाची नव्हे. दिव्यांचा बिलातील वाटा २० टक्के असेल, तर दिव्यांवरची ५० टक्के बचत म्हणजे बिलावरची १० टक्के. दुसरी चूक म्हणजे एकच बचत दोनदा मोजणे. चिलर कार्यक्षम झाल्यावर नियंत्रणांनी वाचवायला वीजच कमी उरते.

काही परिणाम उलट दिशेनेही जातात, तर काही मदतीला येतात. एलईडीमुळे उष्णता कमी निर्माण होते, त्यामुळे वातानुकूलनाचीही थोडी वीज वाचते. याउलट, आधी नीट गार न होणारे मजले नव्या यंत्रणेने गार होऊ लागले की वापर वाढतो. लोकांना सुख मिळते, पण अंदाजातली बचत त्या प्रमाणात घटते. चांगला ऊर्जा लेखापरीक्षण अहवाल हे सगळे एकत्र धरून एकच आकडा देतो आणि तो कमी-जास्त किती होऊ शकतो, तेही सांगतो. केवळ विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांवर आधारलेला अर्ज बँकेच्या तांत्रिक छाननीत टिकत नाही.

हप्ता बचतीतून फिटेल का?

वरच्याच काल्पनिक इमारतीकडे परत जाऊ. वर्षाला ५ लाख युनिट वाचली आणि व्यावसायिक ग्राहकाला सर्व आकार धरून युनिट ११ रुपयांना पडते असे मानले, तर वार्षिक बचत ५५ लाख रुपये. कामाचा खर्च २ कोटी २० लाख असेल तर तो चार वर्षांत वसूल होतो. यातील ७५ टक्के, म्हणजे १ कोटी ६५ लाख रुपये, १० टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले तर वर्षाचे हप्ते सुमारे ४२ लाख होतात. ५५ लाखांची बचत आणि ४२ लाखांचे हप्ते म्हणजे सव्वापटीहून थोडे अधिक. कागदावर प्रकरण सुरक्षित दिसते.

आता बचत अंदाजापेक्षा २० टक्के कमी निघाली असे धरू. ती ४४ लाखांवर येते आणि हप्ता जेमतेम फिटतो. ३० टक्के कमी निघाली तर बचत साडेअडतीस लाख. दरवर्षी साडेतीन लाख रुपये मालकाला खिशातून घालावे लागतील. हेच कर्ज सात वर्षांसाठी असेल तर वर्षाचा हप्ता ३३ लाखांच्या आत येतो आणि ३० टक्क्यांची चूकही पचते. एकूण व्याज अर्थातच वाढते. चिलरचे आयुष्य पंधरा-वीस वर्षे असताना कर्ज पाचच वर्षांत फेडायला लावणे, हा अशा प्रकल्पांतला नेहमीचा अडथळा असतो. त्यामुळे व्याजदराच्या पाव टक्क्याहून मुदतीची घासाघीस मालकाच्या अधिक फायद्याची ठरते.

बँक हा हिशेब तिन्ही प्रकारे करून पाहते: अंदाजाप्रमाणे बचत, कमी बचत आणि वीजदरातील बदल. यात एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी. बिलातील प्रत्येक रुपया युनिटबरोबर घटत नाही. स्थिर आणि मागणी आकार करार मागणीशी जोडलेला असतो. सुधारणेनंतर करार मागणी कमी करून घेतली नाही, तर युनिट वाचूनही बिल अपेक्षेइतके उतरत नाही.

तिसरी चाळणी : बचत मोजणार कशी?

न वापरलेली वीज मीटरवर दिसत नाही. ती ‘सुधारणा केली नसती तर किती लागली असती’ या अंदाजातून वजा करूनच काढावी लागते. त्यासाठी जगभर ‘आयपीएमव्हीपी’ ही पद्धती प्रचलित आहे. तिच्यात चार पर्याय आहेत. पहिल्यात एखादाच महत्त्वाचा घटक मोजून बाकीचे गृहीत धरतात. दिवे बदलताना हे पुरते. दुसऱ्यात त्या यंत्रणेचे सगळे घटक मोजतात; चिलरसाठी हा योग्य. तिसऱ्यात पूर्ण इमारतीच्या बिलांची तुलना हवामान व वापराची दुरुस्ती करून होते. चौथ्यात संगणकीय प्रतिकृती वापरतात. जुनी नोंदच उपलब्ध नसेल तेव्हा तोच मार्ग उरतो.

सर्वांत जास्त प्रकरणे इथेच अडकतात आणि कारण साधे असते. जुना चिलर किती टन गारवा देताना किती वीज खातो, हे तो चालू असतानाच मोजता येते. काम घाईने सुरू झाले, जुने यंत्र भंगारात गेले आणि मग हरित कर्जाची चौकशी झाली, तर तुलनेला काही उरतच नाही. वातानुकूलन, दिवे आणि इतर वापर यांना वेगवेगळे उपमीटर लावून काही महिन्यांच्या नोंदी घेणे, हा एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ खर्च. पण तो काम सुरू होण्याआधीच करावा लागतो.

याच नोंदींतून उत्सर्जनातील घटही निघते. देशाच्या ग्रिडमधील प्रत्येक युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्या हिशेबाने ५ लाख युनिट वाचली तर वर्षाला सुमारे ३५० टन उत्सर्जन टळते. हरित कर्जाच्या वार्षिक अहवालात हाच आकडा द्यावा लागतो.

बिल एकाचे, कर्ज दुसऱ्याचे…

तांत्रिक चाळण्या पार करूनही अनेक प्रकरणे मालकीच्या प्रश्नावर थांबतात. इमारत भाड्याने दिलेली असेल तर चिलर मालकाचा आणि वीजबिल भाडेकरूचे असते. कर्ज मालकाने काढायचे आणि बचत भाडेकरूच्या खिशात जायची, तर मालक कर्ज कशाला काढेल? उत्तर भाडेकरारात शोधावे लागते. वाचलेल्या बिलाचा ठरावीक हिस्सा मालकाला देण्याचे कलम करारात घातले जाते. ते नसेल तर ‘बचतीतून हप्ता’ हा आधारच ढासळतो, कारण बचत कर्जदाराच्या हातात येत नाही.

मुंबई-पुण्यात आणखी एक गुंता आहे. अनेक व्यावसायिक इमारतींतील गाळे व कार्यालये वेगवेगळ्या मालकांना विकलेली असतात आणि सामाईक यंत्रणा सोसायटीच्या ताब्यात असते. तिथे सर्वसाधारण सभेचा ठराव, खर्चाच्या वाटणीचे सूत्र आणि थकबाकीदार सभासदांचा प्रश्न हे सगळे बँकेच्या प्रश्नावलीत येते. सोसायटीकडे तारण द्यायला स्वतःची मालमत्ता फारशी नसते. सभासदांकडून होणारी नियमित वसुली हीच तिची पत.

यातून वाट काढण्यासाठी ऊर्जा सेवा कंपन्यांचे प्रारूप आले. एका प्रकारात कंपनी बचतीची हमी देते आणि कर्ज मालक काढतो. बचत कमी पडली तर फरक कंपनी भरते. दुसऱ्यात कर्ज व गुंतवणूक कंपनीची आणि बचत दोघांत वाटून घेतली जाते. दुसरा प्रकार मालकाला सोपा वाटतो, पण कंपनी लहान असेल तर तिलाच कर्ज मिळत नाही. म्हणून राष्ट्रीय वर्धित ऊर्जा कार्यक्षमता अभियानात अंशतः जोखीम हमी निधी आखला गेला. कर्ज बुडाले तर बँकेच्या नुकसानीचा काही भाग उचलण्याची त्याची कल्पना आहे.

अमेरिकेने या पेचावर काय उपाय काढला?

अमेरिकेत कर्ज व्यक्तीऐवजी मालमत्तेला जोडण्याची पद्धत रुळली. ‘पेस’ नावाच्या या व्यवस्थेची सुरुवात कॅलिफोर्नियातील बर्कली शहराने २००८ मध्ये केली. सुधारणेचा खर्च वित्तसंस्था देते आणि परतफेड मालमत्ता कराबरोबरच्या आकारणीतून, बहुधा वीस-पंचवीस वर्षांत होते. इमारत विकली तर उरलेले हप्ते नव्या मालकाकडे जातात, कारण बचतही त्यालाच मिळणार असते. घरांसाठीच्या ‘पेस’ला गृहकर्ज क्षेत्राच्या नियामकाने २०१० मध्ये हरकत घेतल्यावर खीळ बसली, व्यावसायिक इमारतींसाठीची योजना मात्र तीसहून अधिक राज्यांच्या कायद्यांत आली.

या योजनेतील दोन अटी बोलक्या आहेत. एक, इमारतीवर आधीचे कर्ज असेल तर त्या बँकेची लेखी संमती घ्यावी लागते, कारण थकबाकीच्या वेळी करासारखी ही आकारणी तिच्या पुढे जाते. दोन, कनेक्टिकटसारख्या राज्यात आयुष्यभराची बचत ही व्याजासह एकूण खर्चापेक्षा जास्त असल्याचे दाखवावे लागते. हे गुणोत्तर एकाच्या वर नसेल तर प्रकल्प अपात्र. म्हणजे मुदत लांबली, मालकीचा प्रश्न सुटला, तरी बचतीचा पुरावा सुटलेला नाही. भारतात मालमत्ता कराशी जोडलेली अशी देशव्यापी व्यवस्था नाही. ती आणायची तर महापालिकांचे कर कायदे आणि बँकांचे तारण-हक्क या दोहोंना हात घालावा लागेल.

‘हरित’ शिक्क्याचा फायदा किती?

कर्जावर ‘हरित’ म्हणून पाव टक्का व्याजसवलत मिळाली असे मानले, तर १ कोटी ६५ लाखांवर पहिल्या वर्षी ती जेमतेम ४० हजार रुपये भरते. प्रमाणपत्र, त्रयस्थ पडताळणी आणि वार्षिक अहवाल यांचा खर्च त्याहून जास्त होऊ शकतो. केवळ सवलतीसाठी या वाटेला जाणे लहान इमारतीला परवडेलच असे नाही. अशा वेळी साधे मुदत कर्ज घेऊन काम करणे अधिक सरळ.

खरा फायदा तपासणीत आहे. बारा महिन्यांची आधाररेषा, वेगळे काढलेले अंदाजपत्रक, दुहेरी मोजणी टाळलेला बचतीचा आकडा, कमी बचतीतही फिटणारा हप्ता आणि भाडेकरूंशी झालेला लेखी करार या पाच गोष्टी हातात असतील तर बँक कोणतीही असो, प्रकरण उभे राहते. त्या जमत नसतील तर कर्ज नाकारले जाणे हे मालकाच्याही हिताचे असते, कारण न होणाऱ्या बचतीवर काढलेल्या कर्जाचे हप्ते तरी खरेच असतात. पहिले पाऊल म्हणून ना बँकेत जावे लागते ना विक्रेत्याकडे. गेल्या वर्षभराची वीजबिले काढायची, बांधीव क्षेत्राने भागायचे आणि जुनी यंत्रणा भंगारात जाण्याआधी तिला मीटर लावायचा.